‘वारुम?’ विचारल्यावर काय बोलायचं: जर्मनमध्ये मत मांडणं आणि पटवून देणं

प्रश्न थोडक्यात असा: जर्मनची बी-१ ही मधली पातळी झालीय, तिच्या वरच्या बी-२चा वर्ग सुरू आहे, व्याकरणाचे नियम विचारले तर सांगता येतात. पण कुणी ‘तुमचं मत काय, आणि का (वारुम)?’ म्हटलं की दोन वाक्यांत बोलणं संपतं, आणि लिहिताना प्रत्येक ओळ ‘इश फिंडे’नेच (‘मला वाटतं’) सुरू होते. काय करावं?

(जर्मन शब्द इथे उच्चाराच्या जवळ जाईल असे देवनागरीत लिहिले आहेत. मूळ स्पेलिंग शब्दकोशातून वहीत उतरवून घ्या.)

मत मांडायच्या तयार वाक्यांना जर्मनच्या वर्गात ‘रेडेमिटल’ म्हणतात. त्यांच्या दोन-दोन पानी याद्या सगळ्यांकडे असतात, बहुतेकांच्या पाठही असतात. गाडी अडते ती त्यानंतरच्या वाक्याला. ‘माझ्या मते अमुक चांगलं’ इथपर्यंत सगळे पोचतात, पण दिलेलं कारण इतकं तोकडं असतं की त्यावर पुढे बोलायला काही उरत नाही. मग माणूस पुन्हा मताकडे वळतो आणि तेच वेगळ्या रेडेमिटलमध्ये सांगतो. म्हणून तयारीचा क्रम उलटा करा. आधी कारण शोधा, मग ते जोडणारा शब्द निवडा, आणि सगळ्यात शेवटी सुरुवातीचं वाक्य लावा.

एकच विषय घेऊन बघू: जर्मनीत दुकानं रविवारी उघडी असावीत का? आपल्याकडून गेलेल्या माणसाचं यावर पहिल्याच रविवारी मत तयार होतं, त्यामुळे सरावाला विषय उत्तम. पार्श्वभूमी माहीत असलेली बरी. रविवारच्या विश्रांतीला तिथे संविधानाचं संरक्षण आहे. १९१९च्या वायमार संविधानातलं कलम १३९ आजच्या संविधानातही (त्याला ‘मूलभूत कायदा’ म्हणतात) कलम १४०मार्फत लागू आहे. दुकानांच्या वेळांचे नियम २००६पासून राज्यांच्या हातात आहेत. रेल्वे स्टेशनातली दुकानं, पेट्रोल पंप आणि काही तासांपुरत्या बेकऱ्या सोडल्या तर रविवारी बहुतेक दुकानं बंद.

वर्गात हमखास येणारं पहिलं उत्तर असं असतं: ‘इश फिंडे, दी गेशेफ्टे झॉल्टन झॉनटाग्स गेओफ्नेट झायन, वायल दास इस्ट गूट.’ म्हणजे दुकानं रविवारी उघडी असावीत, कारण ते चांगलं आहे. यात क्रियापदाची चूक आहेच (‘वायल दास गूट इस्ट’ हवं), पण ती दुरुस्त केली तरी उत्तर पोकळच राहतं. ‘चांगलं आहे’ हे कारण झालं नाही, तेच मत पुन्हा सांगितलं गेलं. ‘खेळ महत्त्वाचा आहे कारण तो गरजेचा आहे’, ‘पर्यावरण वाचवायला हवं कारण ते फार महत्त्वाचं आहे’ ही याच जातीची वाक्यं.

यावर उपाय म्हणजे स्वतःलाच तीनदा ‘वीझो?’, म्हणजे ‘ते कसं काय?’ विचारणं. हे आधी मराठीत करा, लाजू नका. उघडी असावीत. वीझो? कारण नोकरदारांना आठवडाभर वेळ मिळत नाही. वीझो? दिवसभर काम, मग शनिवारीच खरेदी. त्याने काय बिघडलं? सगळे शनिवारीच येतात आणि काउंटरवर रांगा लागतात. आता जर्मनमध्ये: ‘वेअर दी गान्त्से वोखे आरबायटेट, कान नूअर आम झाम्सटाग आयनकाउफन, उंट डान झिंट दी कासन फोल.’ जो आठवडाभर काम करतो तो शनिवारीच खरेदी करू शकतो, आणि मग काउंटर भरलेले असतात. यात ना ‘माझ्या मते’ आहे ना ‘कारण’, तरी मत आणि कारण दोन्ही ऐकणाऱ्यापर्यंत पोचतात.

इथेच आणखी एक गोष्ट करायची: समोरचा जर्मन काय म्हणेल? तो म्हणेल, सुपरमार्केट बहुतेक ठिकाणी रोज रात्री आठपर्यंत उघडं असतं, कित्येक ठिकाणी दहापर्यंत. शनिवारचीच सक्ती कुठे आहे? म्हणजे तुमचं कारण सगळ्या नोकरदारांना लागू होत नाही, पाळीत काम करणाऱ्यांना होतं. मग तसंच सांगा, ‘फ्यूर लॉयटे इन शिश्टआरबाइट’, म्हणजे पाळीत काम करणाऱ्यांसाठी. कारण जितकं नेमक्या माणसांचं, तितकं ते टिकतं.

जर्मन शाळांमध्ये मुलांना हीच सवय लावतात. बेहाउप्टुंग (दावा), बेग्र्युंडुंग (कारण) आणि बायश्पील (उदाहरण) असे तीन ‘बी’ तिथे घोटून घेतात, आणि वरच्या इयत्तांत ‘एरओर्टरुंग’ नावाचा निबंधाचा प्रकारच असतो, ज्यात एका प्रश्नाच्या दोन्ही बाजू तपासून निष्कर्ष काढायचा. जर्मन वाचक किंवा परीक्षक तुमचा मजकूर वाचताना ही तीन पावलं नकळत शोधत असतो. आपल्या शालेय निबंधात सुविचाराने सुरुवात आणि आवाहनाने शेवट करायची रीत आहे. ती जर्मनमध्ये नेली की मजकूर भाषणासारखा वाटतो आणि वाचणारा ‘कारण कुठे आहे?’ म्हणत राहतो.

आता उलट बाजूचा एक पूर्ण परिच्छेद बघा, बी-२ला शोभेल असा:

‘मायनर मायनुंग नाख झॉल्टन दी गेशेफ्टे झॉनटाग्स गेश्लॉसन ब्लायबन. दी फेरकॉयफरिनन आरबायटन नेमलिश ऑफ्ट शोन आम झाम्सटाग, उंट ईअरे किंडर हाबेन नूअर आम वोखनएंडे फ्राय. वेन आउख देअर झॉनटाग वेगफेल्ट, गिप्ट एस कायनन गेमाइनझामन फ्रायन टाग मेअर. त्स्वार कान मान झॉनटाग्स कायने मिल्श काउफन, आबर आम बानहोफ फिंडेट मान मायस्टन्स आयनन ऑफेनन लाडन.’

अर्थ: माझ्या मते दुकानं रविवारी बंदच राहावीत. दुकानांत काम करणाऱ्या बायकांना बहुधा शनिवारीही काम असतं, आणि त्यांच्या मुलांना सुट्टी फक्त शनिवार-रविवारी. रविवारही गेला तर सगळ्यांना एकत्र मिळणारा मोकळा दिवसच उरत नाही. रविवारी दूध मिळत नाही हे खरं, पण स्टेशनवर बहुतेक वेळा एखादं दुकान उघडं सापडतं.

चार वाक्यं, रेडेमिटल एकच, आणि ‘वायल’ एकदाही नाही. पहिल्या वाक्यात दावा. दुसऱ्यात कारण, ‘नेमलिश’ने जोडलेलं; हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला कधीच येत नाही, क्रियापदानंतर येतो, आणि ‘त्याचं असं आहे की’ ही छटा आणतो. तिसऱ्यात परिणाम. चौथ्यात विरोधी मुद्दा मान्य करून बाजूला केला आहे. या चौथ्या वाक्याने गुणांत मोठा फरक पडतो, आणि नेमकं तेच बहुतेक जण लिहीत नाहीत.

जोडणाऱ्या शब्दांकडे येऊ, कारण क्रियापदाची जागा इथेच चुकते. यात मराठी भाषकाला एक फायदा आहे, आणि तो वापरला जात नाही. हे वाक्य घ्या: ‘कारण मी उद्या पुण्याला जाणार आहे.’ जर्मनमध्ये: ‘वायल इश मॉर्गन नाख पूना फारेन वेअर्डे.’ कारण-वायल, मी-इश, उद्या-मॉर्गन, पुण्याला-नाख पूना, जाणार-फारेन, आहे-वेअर्डे. शब्दामागे शब्द, तोच क्रम! ‘वायल’, ‘दास’ (‘की’ या अर्थाचा, ‘ते’ या अर्थाचा नव्हे), ‘ओपवोल’ (जरी), ‘वेन’ (जर) यांच्या मागे येणाऱ्या वाक्यात मराठीची ठेवण जवळपास जशीच्या तशी चालते. मग चूक का होते? कारण आपण जर्मन इंग्रजीतून शिकतो आणि वाक्य मनात इंग्रजीत जुळवतो. ‘वायल’नंतर अडखळलात तर इंग्रजी सोडा, मराठीत वाक्य म्हणा आणि त्याच क्रमाने जर्मन शब्द ठेवा.

एक सावधगिरी. जर्मन माणसं बोलताना ‘वायल’नंतर थोडं थांबून साधं वाक्य टाकतात, क्रियापद दुसऱ्या जागी ठेवून. तुम्ही ते ऐकाल. लिहिताना आणि परीक्षेत त्याची नक्कल करू नका. तिथे ती चूकच धरली जाईल.

मराठी जिथे घात करते ती जागा म्हणजे ‘म्हणून’. ‘म्हणून मी घरून काम करतो’ यात क्रियापद शेवटी आहे, पण ‘डेसहाल्प’ने सुरू होणारं वाक्य मुख्य वाक्य असतं आणि त्यात क्रियापद लगेच दुसऱ्या जागी येतं: ‘डेसहाल्प आरबायटे इश त्सू हाउझे.’ ‘डेसवेगन’, ‘दाहेअर’ (दोन्ही ‘म्हणून’च) आणि ‘ट्रॉट्सडेम’ (तरीही) यांनाही हाच नियम. ‘डेन’ हाही ‘कारण’च, पण तो जागा अडवत नाही, त्याच्यानंतर कर्ता, मग क्रियापद. ‘वायल’मध्ये चूक होण्याची फार भीती वाटत असेल तर परीक्षेत एखाद्या ठिकाणी ‘डेन’ वापरून सुटका करून घ्यायला काहीच हरकत नाही. सगळीकडे ‘डेन’च आला तर मात्र परीक्षकाच्या लक्षात येतं. ‘दा’ हाही कारणवाचक आहे, समोरच्याला आधीच ठाऊक असलेल्या कारणासाठी. तो बहुधा वाक्याच्या सुरुवातीला येतो आणि जास्त करून लेखी भाषेत.

‘जरी… तरी’ची जोडी आपल्या जिभेवर इतकी बसली आहे की ‘ओपवोल…, आबर…’ असं सर्रास लिहिलं जातं. जर्मनमध्ये ‘ओपवोल’च्या जोडीला काही लागत नाही. स्वल्पविराम, आणि लगेच क्रियापद: ‘ओपवोल दी मीटे होख इस्ट, वोने इश गेअर्न इन देअर श्टाट.’ भाडं जास्त असलं तरी मला शहरात राहायला आवडतं. जोडीची सवय सुटत नसेल तर ‘त्स्वार… आबर…’ घ्या, ती खरीखुरी जोडी आहे: ‘दी मीटे इस्ट त्स्वार होख, आबर इश वोने गेअर्न इन देअर श्टाट.’ मराठी डोक्याला ही रचना पटकन बसते, म्हणून ‘ओपवोल’च्या आधी हीच पक्की करावी असा माझा आग्रह असतो.

एका ‘वायल’ला ‘उंट’ने दोन कारणं जोडली तर दोन्हीकडे क्रियापद शेवटी जातं. दुसऱ्या कारणात विसरायला होतं, कारण तोवर ‘वायल’ मागे पडलेला असतो. आणि ‘दास’च्या पोटात ‘वेन’, त्याच्या पोटात ‘वायल’ अशी वाक्यं बांधूच नका. सरळ दोन वाक्यं करा.

आता रेडेमिटल. खरं तर पाच-सहा पुरतात, पण त्यांत फरक आहे. ‘इश फिंडे’ मूल्यमापनासाठी: चांगलं, महाग, अन्यायाचं. ‘तो उद्या येईल असं मला वाटतं’ याला ‘इश फिंडे’ चालत नाही, तिथे ‘इश ग्लाउबे’ किंवा ‘इश डेंके’. ‘इश फिंडे’नंतर दोन वाटा आहेत: ‘दास’ घातलात तर क्रियापद शेवटी, ‘दास’ गाळलात तर क्रियापद दुसऱ्या जागी. अर्धं-अर्धं चालत नाही. शिवाय ‘फिंडे इश’ वाक्याच्या शेवटीही टाकता येतं, आपल्या ‘असं मला वाटतं’सारखं: ‘दास इस्ट त्सू टॉयर, फिंडे इश.’ बोलताना हे फार सहज वाटतं.

‘मायनर मायनुंग नाख’ यात ‘मायनर’च हवं, ‘मायने’ नाही. त्याच्यापुढे स्वल्पविराम नाही आणि लगेच क्रियापद. ‘इन मायनर मायनुंग’ हे इंग्रजीचं भाषांतर, टाळा. ‘मायनर मायनुंग नाख डेंके इश, दास…’ म्हणजे ‘माझ्या मते मला वाटतं’. एकच काहीतरी ठेवा. ‘इश बिन देअर मायनुंग, दास…’ जरा औपचारिक, लेखी मजकुरात एकदा शोभतं. ‘इश हाल्टे दास फ्यूर रिश्टिश’ (मला ते योग्य वाटतं) आणि ‘दाफॉन हाल्टे इश निश्ट फील’ (मला ते फारसं पटत नाही) या दोन रचना बी-२ला वजन देतात, कारण त्या सहसा कुणी वापरत नाही. आणि ‘लोक’, ‘आपण’ या अर्थी ‘वीअर’ऐवजी ‘मान’ वापरायला शिका. ‘इन इंडियन वीअर कान…’ ही चूक बी-१च्या सादरीकरणात हमखास होते, कारण त्याच्या एका भागात आपल्या देशातली परिस्थिती सांगायची असते. ‘इन इंडियन कान मान…’ हे तीन-चार क्रियापदं बदलून तोंडात बसवून ठेवा.

असहमतीची वाक्यं सगळ्यांना अवघड जातात, पण ती भाषेपेक्षा संकोचामुळे. ‘दास झेए इश आंडर्स’ (मला ते वेगळं दिसतं) हे जर्मनमध्ये अजिबात उर्मट नाही, अट एकच: पुढच्या श्वासात कारण यायला हवं. ‘झी झिंट फाल्श’ मात्र चुकूनही म्हणू नका. तुम्हाला ‘तुमचं चुकतंय’ म्हणायचं असतं, पण त्याचा अर्थ ‘तुम्ही खोटारडे, दुटप्पी आहात’ असा होतो. ‘दास श्टिम्ट झो निश्ट गान्त्स’ (ते तितकंसं बरोबर नाही) पुरेसं आहे. सहमतीसाठी ‘इश श्टिमे ईनेन त्सू’. यात ‘मिट’ (सोबत) लागत नाही. दुसऱ्या टोकाला, प्रत्येक वाक्यात ‘फीलाइश्ट’ (कदाचित) आणि ‘आयन बिसशन’ (थोडंसं) पेरणारेही असतात. त्यांना मतच नाही असं ऐकणाऱ्याला वाटतं. नरमाई आणायची तर ‘इश व्युर्डे झागन’ (मी म्हणेन) एकदा पुरे.

नकारार्थी प्रश्नाचा सापळा वेगळाच. ‘झिंट झी निश्ट डाफ्यूर?’, म्हणजे तुमचा याला पाठिंबा नाही का? नसेल तर आपण मराठीत ‘हो, नाही’ म्हणून मोकळे होतो. जर्मनमध्ये नसेल तर ‘नाइन’ (नाही), असेल तर ‘डॉख’. ‘या’ (जर्मन ‘हो’) म्हटलंत तर समोरचा गोंधळतो, आणि पुढची दोन मिनिटं दोघं वेगवेगळं समजून बोलत राहतात.

परीक्षेचं गणित, ग्योटे इन्स्टिट्यूटच्या परीक्षांपुरतं. बी-१च्या लेखनात दुसरा प्रश्न मताचा असतो: सुमारे ८० शब्द, सुचवलेला वेळ २५ मिनिटं. त्यातली पाच मिनिटं ‘वीझो?’ला द्या, पंधरा लिहायला, पाच फक्त क्रियापदांच्या जागा तपासायला. बी-२ला लेखनाची एकूण ७५ मिनिटं. त्यातली ५० मताच्या मजकुराला, किमान १५० शब्द आणि चार दिलेले मुद्दे. प्रत्येक मुद्द्याला सुमारे पस्तीस शब्द धरा. एका मुद्द्यावर रंगून शंभर शब्द लिहायचे आणि चौथा विसरायचा, हा गुण घालवायचा सर्वांत सोपा मार्ग आहे. चारही मुद्दे झाले की प्रश्नपत्रिकेवर खूण करा. ‘याचे अनेक फायदे आणि तोटे आहेत’ हे वाक्य शब्द भरतं, गुण देत नाही. एकच फायदा घ्या, पण त्याचं नाव घ्या.

बी-२च्या तोंडीत जोडीदाराबरोबर सुमारे पाच मिनिटं चर्चा असते. तिथे बहुतेक जोड्या दोन भाषणं करतात, एक संपलं की दुसरं. परीक्षकाला हवा असतो प्रतिसाद. जोडीदाराचा एक शब्द उचला: ‘झी हाबेन गेराडे… गेझाग्ट’ (तुम्ही आत्ता अमुक म्हणालात), आणि त्यालाच कारण जोडा किंवा छेद द्या. विषय ऐनवेळी मिळतो, म्हणून स्वतःचं खरं मत शोधत बसू नका. ज्या बाजूची दोन कारणं लगेच सुचतील ती बाजू घ्या; तुम्ही सच्चे आहात का हे तिथे कुणी तपासत नाही.

रोजचा सराव दहा मिनिटांचा पुरतो. एक विधान घ्या, शक्यतो जर्मनीतल्या खऱ्या वादातलं: महामार्गांवर ताशी १३० किलोमीटर ही आज फक्त शिफारस केलेली वेगमर्यादा आहे, ती सक्तीची व्हावी का, पाण्याच्या प्लास्टिक बाटलीमागे २५ सेंट अनामत योग्य आहे का, शाळेत मोबाइलवर बंदी असावी का. मराठीत तीनदा ‘वीझो?’. मग न लिहिता फोनवर एक मिनिट बोलून रेकॉर्ड करा. ऐकताना फक्त क्रियापदांकडे लक्ष द्या. उच्चार, लिंग, प्रत्यय त्या दिवशी सोडून द्या. सगळं एकदम दुरुस्त करायला गेलात की बोलणंच बंद पडतं. दुसऱ्या दिवशी तोच विषय, उलट बाजूने. वाचनासाठी वृत्तपत्रांतले ‘कॉमेंटार’ शीर्षकाखालचे छोटे लेख घ्या आणि पेन्सिलने दावा, कारण, उदाहरण यांवर खुणा करा. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या कानाला चांगल्या, पण त्या बातम्या आहेत. युक्तिवाद त्यांत सापडणार नाही.

नोकरीच्या ठिकाणी क्रम पुन्हा थोडा बदलतो. तिथे मताने सुरुवात करू नका, निरीक्षणाने करा. वॉर्डातली नर्स डॉक्टरांना सांगते: अमुक रुग्ण काल संध्याकाळपासून जवळपास काहीच प्यायलेले नाहीत, ‘इश व्युर्डे फोरश्लागन, दास वीअर आयन ट्रिंकप्रोटोकॉल फ्यूरन’, म्हणजे पिण्याची नोंद ठेवावी असं मी सुचवेन. सॉफ्टवेअरच्या बैठकीत: ‘दास शाफन वीअर बिस फ्रायटाग निश्ट, वायल दी टेस्टडाटन नॉख फेलन.’ शुक्रवारपर्यंत होणार नाही, चाचणीचा डेटा अजून आलेला नाही. हे वाक्य बैठकीतच बोलायचं असतं. तिथे मान डोलावून नंतर एकट्याला गाठून ‘खरं तर जमणार नाही’ म्हटलं, तर पहिला प्रश्न येतो तो बैठकीत का बोलला नाहीत याचा, आणि त्याचं कारण जर्मनमध्ये देणं मूळ वाक्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.